बंपरची पट्टी आणि जुन्या गाडीचं रबर

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

या व्यासपीठावर संतसाहित्यावर बोलणं झालं आहे, शिवचरित्रावर झालं आहे, मागे एकदा मधुमेहावरही झालं. त्या मानाने आमचा विषय अगदीच रस्त्यावरचा आहे. चार-साडेचार फूट लांबीची एक काळी रबरी पट्टी. ती गाडीच्या बंपरवर असते, झिजते, तडकते आणि मग घरच्या घरी ती नीट कशी करायची, एवढंच आम्ही सांगणार आहोत. कार्यकर्त्यांना विषय सांगितला तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "प्रसाद आठ वाजता आहे, तोपर्यंत चालेल."

आम्ही म्हणजे तिघं. दोघं पांढुर्ण्याचे, एक सौसरचा. तिघांकडेही जुनं वाहन आहे आणि तिघांनाही रविवारशिवाय सवड नाही. म्हणून आळीपाळीने एकेकाच्या अंगणात जमायचं आणि हात काळे करायचे, असं काही वर्षं चाललं आहे. आज ज्या पट्टीबद्दल बोलायचं ती सौसरच्या अंगणातल्या पद्मिनीची.

तरुण मंडळींना पद्मिनी म्हणजे सिनेमातली काळी-पिवळी टॅक्सी एवढंच ठाऊक असतं. त्या गाडीमागे एक मराठी मुलखातला माणूस आहे, सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद. आगबोटी, विमानांचा कारखाना, साखर, बांधकाम, सगळीकडे त्यांनी हात घातला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना. तिथे आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या, मग पन्नाशीच्या सुरुवातीला इटलीच्या फियाटशी हात मिळवला. त्या फियाट ११०० चीच पुढची लेक म्हणजे पद्मिनी. हे नाव तिला १९७४ साली मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ, त्यामुळे पुढच्या सीटवर तिघं मांडी घासून का होईना बसायचे. लोक मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. मुंबईतली शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. योगायोग असा की त्याच महिन्यात आपला पांढुर्णा जिल्हा झाला.

सौसरची पद्मिनी १९८६ ची आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी नंबर लावून घेतलेली. कंपनीचा बंपर क्रोमचा होता, त्यावरची रबरी पट्टी त्यांनी पुढे नागपूरला एका सामानाच्या दुकानात बसवून घेतली. त्या काळी तशी पद्धतच होती. गाडी घरी आली की सीट कव्हर, आरशाला माळ आणि बंपरला पट्टी. ते गृहस्थ आता नाहीत. आमच्या मित्राची आई आहे, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिचे गुडघे गेलेले आहेत. नव्या बुटक्या गाडीत तिला वाकून खाली बसावं लागतं, उंच गाडीत पाय उचलावा लागतो. या गाडीत ती खुर्चीत बसल्यासारखी बसते. जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला जायचं तर ती याच गाडीने जाते. आणि मित्राचे थोरले बंधू नागपूरला असतात, त्यांचं म्हणणं असं की आता बास झालं, सुटे भाग मिळत नाहीत, बंपर लोंबतोय, चार लोकांत शोभत नाही, विकून टाका. भंगारवाल्याचा आकडाही त्यांनी काढून ठेवला होता. सौसरच्या मिस्त्रींनीही तेच सांगितलं, "कायले मेहनत करता भाऊ, याच्यात आता काही राह्यलं नाही." म्हणजे पट्टी लहान असली तरी तिच्यावर बरंच काही लोंबत होतं.

तर आधी रबर का मरतं ते पाहू. हे कळलं की निम्मं काम झालं.

रबर हा झाडाचा चीक. नुसता चीक उन्हाळ्यात चिकट होतो आणि थंडीत काचेसारखा फुटतो. १८३९ साली चार्ल्स गुडइयर नावाच्या अमेरिकन माणसाच्या हातून चीक आणि गंधक यांचं मिश्रण तापलेल्या शेगडीवर पडलं आणि त्याला सापडलं की गंधकाबरोबर तापवलं की रबर चिवट होतं. गंधक त्या लांबलचक रेणूंना मध्ये मध्ये टाके घालतं. गोधडीला टाके घातल्यावर कापूस सरकत नाही, तसंच हे. मग त्यात काजळी घालतात. ती रंगासाठी असते असं पुष्कळांना वाटतं, पण काजळीने रबराला ताकद येते आणि उन्हापासून बचाव होतो. म्हणून टायर काळा.

आता आपल्याकडचा मे महिना आठवा. पारा ४४-४५ वर, आणि क्रोमच्या पत्र्याला हात लावला तर चटका. उष्णतेने रबरातले मऊ ठेवणारे पदार्थ हळूहळू निघून जातात आणि पट्टी आकसते, कडक होते. दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही, तो म्हणजे हवेतला ओझोन. तो रबराच्या रेणूची साखळीच कापतो, आणि जिथे रबर ताणलेलं असेल तिथे आधी कापतो. बंपरच्या कोपऱ्यावर पट्टी वळलेली असते, बाहेरचा भाग ताणलेला असतो, म्हणून पहिल्या भेगा नेहमी कोपऱ्यावर आणि नेहमी आडव्या. घरी जाऊन बघा. मधला सपाट भाग चांगला असेल आणि कोपरे नांगरलेल्या शेतासारखे झालेले असतील.

तिसरा शत्रू आपल्या घरातलाच आहे. गाडी चमकावी म्हणून लोक पट्टीला डिझेल चोपडतात, रॉकेल चोपडतात, इंजिनचं काळं तेल लावतात. दोन दिवस पट्टी काळीभोर दिसते. पण हे तेल रबरात शिरतं, त्याला फुगवतं आणि भुसभुशीत करतं. आपल्या मुलांना याचा पुरावा ठाऊक आहे. संत्र्याची साल फुग्याजवळ धरून दाबली की फुगा फटकन फुटतो ना? सालीतल्या तेलाने फुग्याचं रबर विरघळतं म्हणून. आपल्या भागात अंबिया बहाराच्या दिवसांत डिक्कीत संत्री, मागच्या सीटवर संत्री, साली कुठेही पडलेल्या. त्या सालीने क्रोमवरचा जुना गोंद छान निघतो, तेवढ्यापुरती ती वापरा, पण दाराच्या रबरावर पडू देऊ नका.

हत्यार उचलण्याआधी पट्टी रबराची आहे की प्लॅस्टिकची, ते पाहून घ्यावं. त्या काळी दोन्ही विकली जात. पट्टीच्या मागच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, तापवलेली सुई टोचा. प्लॅस्टिक वितळून तार धरतं. रबर वितळत नाही, करपतं, आणि वास टायर जळाल्याचा येतो. प्लॅस्टिकची निघाली तर आम्ही सांगतो ते चिकटवण्याचे प्रकार तिला तसेच लागू होणार नाहीत. मग वाकवून बघा. बोटाने वाकवली आणि परत सरळ झाली तर जीव आहे. वाकवताना कटकन तुटली तर तिच्यावर रविवार घालवू नका. सौसरची पट्टी मधे चांगली होती, दोन्ही कोपरे तडकलेले, उजवीकडे बोटभर तुकडा गायब, आणि आकसून एका टोकाला दोन बोटं आखूड झालेली.

नवी का घेतली नाही? विचारून झालं होतं. फुटावर मिळणारी पट्टी नागपुरात मिळते, पण तिचा आकार वेगळा, पाठीमागची खाच वेगळी. जुन्या बंपरची भोकं तिला जुळत नाहीत, आणि नवी भोकं पाडली की क्रोम तिथून सोलायला लागतं. क्रोमला भोक पाडू नये, या मतावर आम्ही तिघंही एकमताने आहोत. बाकी कशावर एकमत होत नाही.

पट्टी काढणं हेच सगळ्यात नाजूक काम. स्क्रू गंजलेले असतात, डोकं घासून जातं. गंज सोडवणारा फवारा मारून रात्रभर थांबावं. फवारा स्क्रूच्या मागच्या बाजूने, रबरावर उडणार नाही असा मारावा, उडालाच तर लगेच पुसावा. पट्टी निघाल्यावर खाली जे दिसतं ते बघून बऱ्याच जणांचा चेहरा उतरतो. पाऊस पट्टीच्या मागे शिरतो आणि निघायला वाट नसते, चिखलासकट तिथेच राहतो. वरून गाडी चकचकीत आणि पट्टीखाली तांबडी भुकटी. आमच्या मते पट्टी दुरुस्त करण्याचं खरं कारण हे आहे. दिसणं नंतर. थोरल्या बंधूंना फोनवर त्या भागाचा फोटो पाठवला तेव्हा ते आधी म्हणाले, "बघा, सांगत होतो!" मग तासाभराने त्यांचाच फोन आला, "बाबा दर दिवाळीला हा बंपर पुसायचे. आतून इतका गंजला कसा?"

क्रोमवरचा वरवरचा गंज काढायला पोळ्या गुंडाळतो तो ॲल्युमिनियमचा कागद घ्यायचा, चुरगळायचा, पाण्यात बुडवून घासायचा. लोखंडी घासणीने ओरखडे पडतात, याने पडत नाहीत. बंपरच्या पाठीमागे, जिथे क्रोम नाही, तिथे तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड आणि त्यावर काळा रंग. स्क्रू सगळे स्टेनलेसचे नवे. ते किराण्याच्या पुडीइतके स्वस्त आहेत, जुने परत लावण्यात काही बहादुरी नाही.

आता पट्टी. साबणाच्या कोमट पाण्यात, जुन्या दात घासायच्या ब्रशने, भेगांच्या आतून. वाळली की स्पिरिटच्या फडक्याने पुसायची. टायर चमकवण्याचं कुठलंही द्रव्य यापूर्वी लावलेलं असेल तर ते पूर्ण गेलं पाहिजे, कारण त्यात सिलिकॉन असतं आणि सिलिकॉनवर काहीही चिकटत नाही. वाकडी झालेली पट्टी गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, थोडा वेळ ठेवली की मऊ पडते. मग फळीवर सरळ करून वर वजन ठेवायचं. आमच्याकडे वजनाला सौसरच्या घरचा पाटा होता.

बारीक भेगांना सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन. ते म्हणजे द्रावणात विरघळवलेलं रबरच असतं. भेग वाकवून उघडायची, काडीने पातळ हात द्यायचा, चिकट होईपर्यंत थांबायचं, पुन्हा एक हात, मग दाबून बांधायचं. थांबणं महत्त्वाचं. ओलं असताना दाबलं तर आतलं द्रावण कोंडून राहतं. पंक्चरवाला ट्यूबवर फुंकर मारत बसतो ते उगीच नाही. आणि सणासुदीचं घर आहे म्हणून सांगतो, हे काम समई, निरांजन, उदबत्ती जवळपास असताना करू नका. त्या वाफा पेट घेतात. उघड्या अंगणात करा.

मोठ्या भेगांना आणि झिजून गेलेल्या जागेला नळीतून येणारं काळं पॉलीयुरेथेन सीलंट, पुढची काच चिकटवायला वापरतात ते. भेगेच्या कडा आधी कानसून किंवा १२० नंबरच्या कागदाने खरबरीत करायच्या, भेग व्ही आकारात थोडी रुंद करायची, बाजूला टेप लावायचा, सीलंट किंचित वर येईल इतकं भरायचं आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने फिरवायचं. हे सीलंट हवेतला ओलावा पिऊन घट्ट होतं, आणि दिवसाला दोन-तीन मिलीमीटर आत सरकतं. म्हणून श्रावण-भाद्रपद या कामाला उत्तम. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते रेंगाळतं. बाथरूमला लावतात ते पांढरं-काळं सिलिकॉन मात्र नको. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून आम्ल सुटतं, ते पत्र्याला खातं, आणि एकदा लावलं की पुढे त्यावर दुसरं काही बसत नाही.

उजवीकडचा गायब तुकडा आणि आखूड पडलेली दोन बोटं, इथे आमचा एक रविवार वादात गेला. एकाचं म्हणणं, ट्रकच्या जुन्या ट्यूबचे थर चिकटवून तुकडा घडवू. दुसऱ्याचं म्हणणं, टोकाला जोड दिसेल. शेवटी असं ठरलं की जोड टोकाला द्यायचाच नाही. पट्टी मधोमध, नंबर प्लेटच्या आड येईल तिथे कापायची, दोन्ही भाग टोकांकडे सरकवायचे आणि मधल्या फटीत नव्या पट्टीचा तुकडा छिलून बसवायचा. काप सरळ नाही, तिरका. सुतार लाकूड सांधताना देतो तसा. तिरक्या कापाने चिकटायला जागा जास्त मिळते. सांध्याच्या पोटात सीलंट आणि वरची कड चटकन धरून ठेवायला फेविक्विकचे दोन थेंब. नुसतं फेविक्विक कामाचं नाही, ते कडक होतं आणि पट्टी हलली की सुटतं. कोपऱ्यावरचा गायब तुकडाही मधून कापलेल्या छिलक्यातून भरला. तीन दिवसांनी ब्लेडने फुगवटा तासला, मग पाणी लावून आधी ४००, नंतर ८०० नंबरचा कागद. हात फिरवला तर सांधा कळतो, चार हातांवरून कळत नाही.

शेवटचा हात ग्लिसरीनचा, थोड्या पाण्यात मिसळून. दाराच्या रबरांनाही तेच, पावसाळ्याआधी आणि दिवाळीत. बुटाचं पॉलिश, ऑइल पेंट हे प्रकार करू नयेत. रंग रबराबरोबर ताणला जात नाही, पहिल्या उन्हाळ्यात पापुद्रे सुटतात. बसवताना पट्टीच्या खालच्या बाजूला दोन ठिकाणी पाण्याला वाट ठेवली. सगळा खर्च पाचशेच्या आत. चार रविवार मात्र गेले, आणि त्यातला एक पोळ्याचा. दुसऱ्या दिवशी गोटमार होती. सौसरच्या पाहुण्याची गाडी जाम नदीच्या बाजूला चुकूनही आणू नये म्हणून सकाळपासून तीन फोन केले. तिथे पट्टी कितीही नवी असली तरी उपयोग नाही.

इथे एक गोष्ट जरा जोर देऊन सांगायची आहे. हे सगळं पट्टीपुरतं, दाराच्या आणि काचेच्या रबरापुरतं. ब्रेकचा होज, ब्रेक सिलिंडरमधले रबरी कप, पेट्रोलची नळी, इंजिनचं माउंटिंग, यांना सोल्युशन, सीलंट, टेप काहीही लावायचं नाही. तडा दिसला की नवीन. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. त्या नळ्या वरून धडधाकट दिसतात. बदलून घ्या. आम्ही बंपरला हात लावण्याआधी हेच केलं होतं, आणि बंधूंच्या "सुटे भाग मिळत नाहीत" याला उत्तर असं की हे भाग मिळतात. मिळत नाही ती शोभेची वस्तू, आणि ती घरी होते.

नोंदणीचं काय, हे पुष्कळ जण विचारतात. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. तपासणीत ब्रेक, दिवे, धूर बघतात. पट्टीला कुणी गुण देत नाही, पण लोंबणारा बंपर आणि बाहेर आलेली धारदार पत्र्याची कड असेल तर कुणीही अडवेल आणि अडवावंच. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या मूळ स्थितीतल्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने वेगळी नोंदणी आणली, नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं असतात. पहिली फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, आणि अशी गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. सौसरची गाडी पन्नाशीला २०३६ मध्ये पोचेल. तोवर दोन वेळा मुदत वाढवावी लागेल. थोरले बंधू म्हणाले, "दोन वेळा? त्यातली एक माझ्याकडून." विकायचं नाही असं मात्र ते अजून म्हणालेले नाहीत. पुढची तपासणी होऊ द्या, मग बघू, एवढ्यावर गाडी थांबली आहे. आईला कुणी विचारलं नाही. तिने दर्शनाचा शनिवार ठरवून टाकला आहे.

आता पुढचं काम पुढच्या काचेच्या रबराचं. तिथून पाणी आत येतं आणि पायाखालचा पत्रा सडतो, ते पट्टीपेक्षा अवघड आहे. काच काढताना चार हात लागतात आणि आमच्यातला एक जण काच म्हटलं की मागे सरकतो. कुणाच्या गोदामात, माळ्यावर, बंद पडलेल्या पद्मिनीची रबरं, बीडिंग, काचेची चौकट पडली असेल तर ती भंगारात देऊ नका, आम्हाला कळवा. कडक झालेली असली तरी चालतील, आकार मोजायला उपयोगी पडतात.

सांध्याच्या वेळी कापून उरलेला पट्टीचा तुकडा इथे टेबलावर ठेवला आहे, अर्धा भाग दुरुस्त केलेला, अर्धा तसाच. प्रसादाला उठाल तेव्हा वाकवून बघा. मुलांनो, फुगे मांडवाच्या दोऱ्यांना बांधलेले आहेत, संत्र्याचा प्रयोग तिथे करू नका.